भाऊंच्या पिवळ्या ओळी

जानेवारी लागला की आधी माझी मान धरते आणि मग काम सुरू होतं. पुढच्या वर्षाचा प्लॅन बनवायचा असतो. म्हणजे जो कपडा अजून आमच्या दारात आलेलाच नाही, त्याला किती रंग लागेल, किती मीठ, किती कॉस्टिक, किती वाफ, हे आताच सांगून ठेवायचं. ज्योतिषाला निदान समोर बसलेल्या माणसाचा हात तरी दिसतो. मला फक्त स्क्रीन दिसते, आणि आता तीही चष्मा बदलल्याशिवाय धड दिसत नाही.

आमचं प्रोसेस हाउस बऱ्हाणपूरच्या बाहेरच्या अंगाला आहे. गावातल्या पॉवरलूमवर विणलेला कोरा कपडा इथे येतो, धुतला जातो, रंगवला जातो आणि गाठी बांधून निघून जातो. मी सिंधीपुऱ्यातून रोज स्कूटीवर येते. वर पहिल्या मजल्यावर ऑफिस, खाली रंगखातं. खालून दिवसभर वाफ आणि वास वर येत असतो. नवीन माणसाला तो वास सहन होत नाही, मला आता तो सुट्टीच्या दिवशी नसला की चुकल्यासारखं होतं. मालकांचं हेड ऑफिस इंदूरला आहे. तिथले साहेब लोक उंटावरून शेळ्या हाकतात आणि आम्ही इथे शेळ्यांसारखे हाकून घेतो.

ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर भाऊ बसतात. नाव काय घ्यायचं, सगळी कंपनी त्यांना भाऊच म्हणते. ते नेपानगरचे. वडील वऱ्हाडातून तिथल्या कागद कारखान्यात कामाला आले आणि कायमचे तिथलेच झाले. भाऊ मात्र पहिल्यापासून कापडात. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या गाडीने जायचं. साठी कधीच उलटली आहे. रिटायर झाल्यावर कंपनीने त्यांना एकेक वर्षाच्या एक्स्टेंशनवर ठेवलं आहे. दर मार्चमध्ये इंदूरहून लेटर येतं, भाऊ सही करतात, आणि आणखी एक वर्ष निघतं.

हे एक्स्टेंशन त्यांना पगारासाठी हवं असतं असं नाही. मुलगा पुण्यात चांगला आहे. एकदा जेवताना त्यांनी मला सांगितलं होतं, की त्यांच्या कॉलनीतले बरोबरीचे सगळे आता सकाळी पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसलेले असतात आणि डबा घेऊन निघणारे तेवढे एकटे तेच आहेत. जाताना ते लोक विचारतात, भाऊ, निघाले का? आणि हे म्हणतात, हो, निघालो. एवढं एक वाक्य रोज बोलायला मिळावं म्हणून हा माणूस उन्हाळ्यात, बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात, गाडीत उभं राहून येतो. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

भाऊंचं काम म्हणजे केमिकलचा अंदाज. दर महिन्याच्या शेवटी ते खाली रंगखात्यात जायचे. तिथले डाइंग मास्टर जैनाबादचे, रोज तापीच्या पुलावरून मोटारसायकलने येणारे, पानाने तोंड लाल झालेले गृहस्थ. भाऊ त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायचे, दोघांचा चहा व्हायचा. पुढे कोणत्या रंगाच्या ऑर्डरी आहेत, गडद किती, फिके किती, बोअरचं पाणी कसं येतंय, कोणतं मशीन आजारी आहे, सगळं विचारून झालं की वर यायचे आणि पुढच्या महिन्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. भरताना ओठ हलायचे. भरून झालं की एंट्रीच्या शीटवर हिरव्या पट्टीत ‘सेव्ह झालं’ असं यायचं. मग ते चष्मा पुसायचे. मला वाटतं, महिन्यातला तो त्यांचा सगळ्यात चांगला दिवस असायचा.

आता हे आकडे कुठे जातात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे चार-पाच वर्षांपूर्वी एक डेटाबेस बसवला. त्याला सगळे क्यूब म्हणतात. साध्या रजिस्टरात आडव्या ओळी आणि उभे रकाने, एवढंच असतं. क्यूबमध्ये एकाच आकड्याला अनेक बाजू असतात: कोणता महिना, कोणता माल, कोणतं युनिट, प्लॅन की प्रत्यक्ष. घराच्या पत्त्यासारखं आहे हे. गाव, मोहल्ला, गल्ली, दार असं सगळं सांगितलं की बरोबर माणूस दारात येतो, तसा पूर्ण पत्ता दिला की आकडा शीटमध्ये येतो. फक्त तो आकडा कोणाचा, हे दारात उभ्या असलेल्याकडे बघून कळत नाही. तो कोणी हाताने भरलेला असेल, किंवा क्यूबच्या आत बसवलेल्या एखाद्या फॉर्म्युल्याने काढलेला असेल. शीटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

नेमका हाच फरक इंदूरला कळायला हवा होता. तिथे नवीन साहेब आले होते, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला अगदी मऊ. त्यांनी फोन करून सांगितलं, की एक फंक्शन आहे. त्याला सेलचा, म्हणजे आकड्याच्या चौकटीचा, पूर्ण पत्ता दिला, की क्यूबमध्ये त्या जागी फॉर्म्युला असेल तर ते ट्रू सांगतं, नसेल तर फॉल्स. सगळ्या युनिटच्या प्लॅनवर ते चालवायचं आणि पाठवायचं. मी विचारलं, कशासाठी. त्यांनी मऊपणेच सांगितलं, की जिथे फॉर्म्युल्यानेच आकडे येतायत तिथे माणूस कशाला बसवून ठेवायचा. आणि बऱ्हाणपूरच्या एक्स्टेंशनवाल्यांचंही यंदा बघायचं आहे. एक्स्टेंशनवाले हे अनेकवचन त्यांनी शिष्टाचार म्हणून वापरलं होतं. बऱ्हाणपूरला असे एकटे भाऊच.

मला काळजी वाटली नाही, हे आधीच सांगते. भाऊ दर महिन्याला आकडे भरताना मी डोळ्यांनी बघत होते. त्यांच्या ओळींत फॉल्स फॉल्स फॉल्सच येणार, आणि त्या फॉल्सवरच त्यांचं एक्स्टेंशन पक्कं होणार, असं मी धरून चालले होते. उलट मलाच वाटलं, बरं झालं, एकदाचं कागदावर येऊ दे की हा माणूस काम करतो.

ते फंक्शन लावायला माझे दोन-तीन दिवस गेले. पत्त्यातली एक बाजू मागेपुढे झाली तरी ते रुसायचं. आधी मी ते माहितीच्या सेलवर लावून बघितलं: जिथे मी स्वतः आकडा टाकला होता तिथे फॉल्स आलं, जिथे टक्केवारी क्यूबच काढतो तिथे ट्रू आलं. मग सगळीकडे ओढलं. कॉम्प्युटर इतका वेळ गप्प बसला की मी पाणी भरून आणलं, बाटली धुतली, घरी फोन करून भाजी निवडायला सांगितली, तरी तो विचारच करत होता. वाचायला सोपं जावं म्हणून मी ट्रू आलेला सेल पिवळा व्हावा असं लावून ठेवलं होतं. परत येऊन बसले तेव्हा शीट भरली होती. बॉयलरच्या ओळी पांढऱ्या. पॅकिंगच्या थोड्या पिवळ्या, थोड्या पांढऱ्या. माझ्या स्वतःच्या बहुतेक पांढऱ्या. आणि केमिकलच्या ओळी, म्हणजे भाऊंच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळ्या.

मला वाटलं माझंच चुकलं. पत्ते परत तपासले, एकेक सेल हाताने करून बघितला. ट्रूच. जुन्या वर्षांचे प्लॅन उघडले. तिथेही ट्रू. भाऊ समोर बसून पेरू कापत होते, त्यांनी अर्धा मला दिला. मी तो खाल्ला, पण चव काही लक्षात नाही.

मग मी क्यूबच्या आत जाऊन तो फॉर्म्युला शोधला. मला तेवढा अधिकार आहे. अगदी साधा फॉर्म्युला होता: मागच्या वर्षी त्या महिन्यात जेवढं प्रत्यक्ष लागलं, त्यात थोडं मिळवायचं, झालं. त्याच्या शेजारी तारीख होती, आणि ती बघितल्यावर मला सगळं आठवलं.

क्यूबचं उद्घाटन दसऱ्याला झालं होतं. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनांची पूजा होते, त्यातच कॉम्प्युटरचीही उरकून घेऊ असं मालकांनी ठरवलं. मॉनिटरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, त्यातलं बरंचसं कीबोर्डमध्ये गेलं. मालक बटण दाबणार आणि स्क्रीनवर बऱ्हाणपूरचा प्लॅन दिसणार, असं होतं. पण आमचे केमिकलचे आकडे भरायचे राहिले होते. त्या जागी नुसती शून्यं दिसत होती. इथल्या व्यापाऱ्यांत नव्या वहीचं पान मुहूर्ताला कधी कोरं ठेवत नाहीत, काही ना काही लिहून मगच पूजा करतात. तेव्हा भाऊंनीच क्यूब बसवायला आलेल्या माणसाला सांगितलं, मुहूर्ताला शून्य बरं दिसत नाही, काहीतरी आकडा येऊ दे. त्या माणसाने पाच मिनिटांत हा फॉर्म्युला बसवला. शून्यं गेली, आकडे आले, मालकांनी बटण दाबलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या काढून टाकतो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तो दराब्याचा, म्हणजे इथल्या मिठाईचा, डबा घेऊन गावाला गेला, आणि आमच्यापैकी कोणालाच ते आठवलं नाही.

म्हणजे झालं होतं ते असं. भाऊ आकडा भरायचे, तो सेव्हही व्हायचा, पण त्याच्यावर फॉर्म्युला बसलेला होता. रिपोर्टमध्ये दिसायचा तो फॉर्म्युल्याचा आकडा. भाऊंचा खाली दबून राहायचा. भाऊ रिपोर्ट कधी बघत नसत, त्यांचं काम भरण्यापर्यंत. रिपोर्ट मी बघायची, पण मी बघायची ती बेरीज जुळते का एवढंच, आणि बेरीज जुळणारच, ती मशीनच करतं. इंदूरला तर काय, आकडे आले की झालं. इतकी वर्षं भाऊंचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी, आणि एकालाही पत्ता नाही.

मला राग आला. कोणावर काढायचा ते कळेना म्हणून मी चहा आणणाऱ्यावर काढला, साखर कमी पडली म्हणून.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी आधी गप्प राहायचं ठरवलं. मी शीट लपवून ठेवायची, भाऊ आले की दुसरी खिडकी उघडायची. पण आमची टेबलं समोरासमोर, आणि पाण्याचा कूलर माझ्या मागे. एक दिवस भाऊ बाटली भरायला आले आणि तिथेच उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे केमिकलचं आहे ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी जे विचारलं ते मी विसरू शकत नाही.

“माझं समदं पिवळं दिसून राहिलं. पिवळं म्हणजे चांगलं का?”

मी म्हटलं, अजून काम चालू आहे, रंग असेच टाकलेत. ते बरं म्हणाले आणि जागेवर गेले. पण भाऊ काही बावळट नाहीत. संध्याकाळी गाडीची वेळ होईपर्यंत ते अधूनमधून माझ्याकडे बघत राहिले.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर एकच असतं असं वाटतं. तो म्हणाला, खरं आहे ते सांगून टाक, त्यात काय. मी म्हटलं, तुला सांगायला काय जातंय, त्यांच्यासमोर दिवसभर बसायचं मला आहे. त्याने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी क्यूबची एक चाचणीची प्रत काढली आणि तिच्यातून तो फॉर्म्युला उचलला. खालून भाऊंचे आकडे वर आले. एकही महिना सुटलेला नव्हता. दिवाळीच्या महिन्यात कमी, लग्नसराईच्या आधी जास्त, एका वर्षी मशीन बंद होतं तिथे मीठ एकदम खाली. मी ते बघत बसले. खरं सांगायचं तर मला एक आशा होती. हे आकडे प्रत्यक्ष वापराशी ताडून बघावेत, ते फॉर्म्युल्यापेक्षा जवळचे निघावेत, आणि मी ते इंदूरच्या तोंडावर मारावेत. मग काय हिंमत होती कोणाची एक्स्टेंशन अडवायची.

मी ताडून बघितले. काही महिन्यांत भाऊ जवळ होते, काही महिन्यांत फॉर्म्युला. वर्षाचं धरलं तर दोघांत फरक नव्हता म्हटलं तरी चालेल. मी वेगळ्या तऱ्हेने मांडून बघितलं, एखादं वाईट वर्ष वगळून बघितलं. नाही. खाली जाऊन, स्टुलावर बसून, चहा पिऊन, विचारून विचारून आणलेला आकडा आणि दसऱ्याच्या दिवशी पाच मिनिटांत बसवलेला आकडा, दोन्ही तेवढेच बरोबर आणि तेवढेच चूक होते. त्या दिवशी मला जो थकवा आला तसा आजवर कधी आला नव्हता. खुर्चीतून उठून घरी जावं आणि परत येऊच नये, असं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत भाऊंनी डबा उघडला नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“बेटा, आता सांग. काय पाहून राहिली तू चार दिवसापासून?”

मग मी सांगितलं. फंक्शन काय ते सांगितलं, ट्रू म्हणजे काय ते सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं. आकडा टाकला तरी तो खाली दबून राहतो हे त्यांना दाखवण्यासाठी मी एका सेलमध्ये भलताच आकडा भरून दाखवला. हिरवी पट्टी आली. रिपोर्टमध्ये काहीच हललं नाही. त्यांनी मला तसंच परत करायला लावलं. मग स्वतः करून बघितलं. ते चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की त्यांचे आणि फॉर्म्युल्याचे आकडे मी लावून पाहिले असतील तर कोणाचे बरोबर निघाले.

मी खोटं बोलू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो माणूस आयुष्यभर मास्टरांच्या तोंडाकडे बघून त्यांचा आकडा खरा की फुगवलेला हे ओळखत आलेला. मी म्हटलं, सारखेच आहेत भाऊ.

“सारखेच,” ते म्हणाले. मग उठून डबा घेतला आणि जेवले. भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं, मला थोडं दिलं, रोजच्यासारखं.

मी त्याच दुपारी इंदूरला फोन केला. म्हटलं, हा फॉर्म्युला चुकून राहिलेला आहे, मी तो काढते, मग हाताने भरलेले आकडे वर येतील आणि तुमचं फंक्शन फॉल्स सांगेल. खरी स्थिती तीच आहे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, प्लॅन मालकांना दाखवून झालाय, आता एकही आकडा हलता कामा नये, फॉर्म्युला राहू दे. शीट आहे तशी पाठवा. मी म्हटलं, मग भाऊंच्या एक्स्टेंशनचं? ते म्हणाले, बघू. मी शीट पाठवली. खाली चार ओळी लिहिल्या, की केमिकलचे आकडे दर महिन्याला रंगखात्यात विचारून भरले जातात, ते फॉर्म्युल्याखाली आहेत. कोणी वाचल्या असतील असं वाटत नाही.

फेब्रुवारी तसाच गेला. भाऊ यायचे, बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे. कोणाचं बिल तपासायचं असलं तर तपासायचे. महिनाअखेरीला खाली गेले, पण लवकर परत आले आणि आकडे भरताना ओठ हलले नाहीत. मीच सांगून हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. मार्च सुरू झाला तसं मला रोज सकाळी ईमेल उघडायचीच भीती वाटायची. भाऊ काही विचारायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, की गाडीचा पास यंदा महिन्याचाच काढला, तीन महिन्यांचा नाही.

आणि लेटर आलं. एक वर्षाचं एक्स्टेंशन, नेहमीसारखं, नेहमीच्याच शब्दांत. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच साहेबांना फोन लावला, आभार मानायला. त्यांना मी कशाबद्दल बोलतेय तेच आधी कळेना. मग म्हणाले, अच्छा ते, एक्स्टेंशनची यादी तर जानेवारीतच वर गेली होती. तुमची शीट येण्याच्या आधीच. शीट अजून बघायची आहे, वेळच झाला नाही.

मी फोन ठेवला. भाऊंनी माझं बोलणं ऐकलं होतं. खोली काही एवढी मोठी नाही. ते लेटर हातात धरून बसले होते, सही अजून केली नव्हती.

“म्हणजे हे तर येणारच होतं.”

मी मान हलवली.

“मग तू मले सांगितलं काहून, बेटा?”

मी म्हटलं, तुम्ही विचारलं म्हणून. भाऊ म्हणाले, मी तर काय, काहीही विचारतो. मग सही केली, तारीख घातली, आणि लेटर माझ्याकडे दिलं, स्कॅन करून पाठवायला.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, मीही चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. इथे मिटवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. आजही ते डबा घेऊन निघतात, पुलियावरचे लोक विचारतात, हे हो म्हणतात.

एप्रिलच्या अखेरीला ऊन असं होतं की खिडकीची काच हात लावू देईना. भाऊ खाली गेले नाहीत. मी वाट बघितली. चहा झाला, जेवण झालं, ते बसूनच. दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. खालून मास्टर बोलत होते.

“मॅडम, भाऊ नहीं आए आज? तबीयत तो ठीक है?”

भाऊ समोरच होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. मी मास्टरांना सांगितलं, भाऊ कामात आहेत. ते म्हणाले, मग तुम्हीच लिहून घ्या, त्यांच्यासाठी काढून ठेवलंय. मी लिहून घेतलं. मीठ, सोडा, ब्लीच, कॉस्टिक. फोन ठेवला आणि कागद टेबलावर मधोमध ठेवला, दोघांनाही दिसेल असा.

मग भाऊंनी कागदाकडे न बघता विचारलं, कॉस्टिक किती सांगितलं. मी सांगितलं. ते म्हणाले, जास्त आहे, मास्टर नेहमी वाढवून सांगतो, समोर बसल्याशिवाय खरं सांगत नाही. मला वाटलं आता उठतील. मी कागद थोडा त्यांच्याकडे सरकवलाही. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.

तो आकडा कोणी बघणार नव्हतं. भरला काय, न भरला काय, रिपोर्टमध्ये फॉर्म्युल्याचाच आकडा दिसणार होता. हे त्या खोलीत दोघांनाही पक्कं माहीत होतं. तरी मी उठले, कागद घेतला आणि जिना उतरून रंगखात्यात गेले. मास्टरांनी स्टूल पुढे ओढून ठेवलं होतं. दोन चहा आणून झाकून ठेवले होते. मी दारातून आत आले तसे ते हसले, आणि मग माझ्या मागे जिन्याकडे बघत राहिले.